माँ ब्लाँ: आल्प्समधलं 'सोपं' शिखर इतकं धोकादायक का आहे? आणि एअर इंडियाच्या दोन विमानांचे अवशेष तिथून अजून का सापडतायत?

'मॉन्ट ब्लँक'चं महागडं पेन कधी हातात आलंच, तर त्याचं निब नीट बघा. या कंपनीच्या 'माइस्टरश्टुक' या प्रसिद्ध पेनाच्या निबवर ४८१० हा आकडा कोरलेला असतो. टोपणावरची पांढरी खूण म्हणजे बर्फाने झाकलेलं शिखर आणि ४८१० ही त्या शिखराची मीटरमधली उंची.

गंमत अशी की हा आकडा आता लागू पडत नाही. २०२३ च्या मोजणीत या शिखराची उंची ४८०५.५९ मीटर भरली.

हे शिखर म्हणजे माँ ब्लाँ. फ्रेंचमध्ये या नावाचा अर्थ सरळ आहे, पांढरा डोंगर. फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवरचं हे आल्प्समधलं सगळ्यांत उंच शिखर. आपल्या कळसूबाईच्या जवळपास तिप्पट उंच. दरवर्षी सुमारे २० हजार लोक त्याच्या माथ्यावर पोहोचायचा प्रयत्न करतात. जगात इतक्या उंचीच्या फार कमी शिखरांवर एवढी गर्दी होते. गर्दीचं एक मोठं कारण म्हणजे 'माँ ब्लाँ सोपं आहे' हा समज. इथल्या बऱ्याच अपघातांची गोष्टही तिथूनच सुरू होते.

पण आधी उंचीचा घोळ मिटवू.

शिखराची उंची दर दोन वर्षांनी का बदलते?

२००१ पासून फ्रान्समधल्या ओत-साव्ह्वा या जिल्ह्याचे सर्व्हेअर दर दोन वर्षांनी, उन्हाळा संपता संपता, माथ्यावर जाऊन मोजणी करतात. २००७ मध्ये उंची ४८१०.९० मीटर होती. २०१७ मध्ये ४८०८.७२, २०२१ मध्ये ४८०७.८१ आणि २०२३ मध्ये ४८०५.५९.

हे आकडे आले की सोशल मीडियावर लगेच 'ग्लोबल वॉर्मिंगमुळे शिखर वितळतंय' अशा पोस्ट फिरू लागतात. प्रकरण इतकं सरळ नाही. माँ ब्लाँचा खरा खडकाळ माथा ४७९२ मीटरवर आहे आणि तो कुणाला दिसत नाही. त्याच्यावर बर्फाची जाड टोपी बसलेली आहे. वाळवंटात वाऱ्याने वाळूच्या टेकड्या सरकतात तशी ही टोपी वाऱ्याने सरकते, फुगते, झिजते. बर्फाचं सगळ्यांत उंच टोक खडकाच्या टोकाच्या बरोबर वर नसून सुमारे ४० मीटर बाजूला आहे. त्यामुळे दोन वर्षांत दोन मीटर कमी झाले, याचा अर्थ आधी वारा आणि त्या वर्षीचा बर्फ असा लावायचा. मोजणी करणारे स्वतःही यावरून घाईने निष्कर्ष काढू नका असंच सांगतात. हवामान बदलाचा खरा पुरावा या डोंगरावर आहे, पण तो माथ्यावर नाही, खाली आहे. त्याकडे पुढे येऊच.

या बर्फाच्या टोपीने एका शास्त्रज्ञाची चांगलीच जिरवली होती. पिएर जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ भारताला परका नाही. १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला तो आंध्रातल्या गुंटूरला आला होता आणि हेलियमच्या शोधाच्या गोष्टीत त्याचं नाव हमखास येतं. त्याला माँ ब्लाँच्या अगदी माथ्यावर वेधशाळा हवी होती. पाया घालायला खडक सापडतो का हे पाहायला आयफेल टॉवरवाल्या आयफेलची मदत घेण्यात आली. बर्फात बोगदा खणला, खडक लागलाच नाही. तरी १८९३ मध्ये वेधशाळा थेट बर्फावर उभी राहिली. १९०९ पर्यंत बर्फाने ती गिळून टाकली होती.

युरोपातलं सर्वांत उंच शिखर कोणतं, हा क्विझमधला आवडता वाद. कॉकेशस पर्वत युरोपात धरला तर ५६४२ मीटरचं रशियातलं एल्ब्रुस, नाही धरला तर माँ ब्लाँ. माथा नेमका कुणाचा, यावरही फ्रान्स आणि इटलीचं एकमत नाही. फ्रान्सच्या नकाशात तो पूर्ण फ्रान्सचा, इटलीच्या नकाशात सीमारेषा माथ्यावरून जाते. १८६० च्या तहापासूनचा हा वाद आहे. दोन्ही बाजूंनी चढणाऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही.

पहिले दोघे आणि एकालाच मिळालेलं श्रेय

१७६० मध्ये जिनेव्हाच्या होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या तरुण संशोधकाने जाहीर केलं, जो माँ ब्लाँच्या माथ्यावर जायची वाट शोधेल त्याला बक्षीस. तोवर हा डोंगर म्हणजे 'शापित डोंगर'. वर रात्र काढली तर माणूस जगत नाही, असं खालच्या शामोनी गावातले लोक मानत. पुढची २५ वर्षं बक्षीस तसंच पडून राहिलं.

८ ऑगस्ट १७८६ ला शामोनीचे दोन जण वर पोहोचले. जाक बाल्मा, डोंगरात स्फटिक शोधून विकणारा. आणि मिशेल-गाब्रिएल पाकार, गावचा डॉक्टर. दोर नाही, आजच्यासारखी आइस अ‍ॅक्स नाही, हातात फक्त लांब काठ्या. सोबत डॉक्टरांचा बॅरोमीटर. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दोघे माथ्यावर होते. आधुनिक गिर्यारोहणाची सुरुवात अनेक जण या तारखेपासून मोजतात.

बक्षीस बाल्माने घेतलं. पाकारने वाट शोधली होती, पण या डोंगरावर स्वतः वारंवार अपयशी ठरलेल्या मार्क-तेओदोर बूरी नावाच्या लेखकाने असं चित्र रंगवलं की डॉक्टर नुसतेच मागून ओढले गेले. पुढे १८३२ मध्ये प्रसिद्ध कादंबरीकार अलेक्झांद्र द्युमाने म्हाताऱ्या बाल्माची मुलाखत घेतली आणि बाल्माने सांगितलेली गोष्टच जगभर पसरली. पाकार तोवर हयात नव्हता.

त्या संध्याकाळी गेर्सडोर्फ नावाचा एक जर्मन पाहुणा शामोनीतून दुर्बिणीने सगळं पाहत होता आणि डायरीत लिहून, चित्रं काढून ठेवत होता. विसाव्या शतकात ती डायरी अभ्यासकांच्या हाती लागली तेव्हा कळलं की दोघे बरोबरीने चढले होते. शामोनीच्या चौकात बाल्मा आणि सोस्यूर यांचा पुतळा १८८७ पासून आहे. डॉ. पाकारचा पुतळा बसायला १९८६ साल उजाडलं. त्या चढाईला तेव्हा दोनशे वर्षं झाली होती.

बायकाही लवकर पोहोचल्या. १८०८ मध्ये शामोनीत मोलकरणीचं काम करणारी मारी पारादी आणि १८३८ मध्ये आंरिएत दांजव्हील.

मग 'सोपं' म्हणतात ते काय?

माँ ब्लाँवर जायच्या अनेक वाटा आहेत. सगळ्यांत जास्त वापरली जाते ती फ्रान्सच्या बाजूची गूते वाट, जिला 'नॉर्मल रूट' म्हणतात. सँ-जर्वे गावाजवळून दातेरी रुळांची छोटी आगगाडी २३७२ मीटरवरच्या नी देग्ल स्टेशनापर्यंत नेते. तिथून चालत ३१६७ मीटरवरची तेत रूस हट. मग एक नाळ ओलांडून खडकाळ धारेने ३८३५ मीटरवरची गूते हट. तिथे मुक्काम. मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमारास डोक्याला टॉर्च लावून निघायचं. ४३०४ मीटरचा दोम द्यू गूते पार करायचा, ४३६२ मीटरवर व्हालो नावाचा आपत्कालीन निवारा लागतो आणि शेवटी बॉस नावाची बर्फाची अरुंद धार. धारेवर दोन्ही बाजूंना उतार, मधे पाऊल मावेल एवढी वाट. सूर्योदयाच्या आसपास माथा.

तांत्रिक भाषेत ही वाट अवघड नाही. उभे बर्फाचे कडे नाहीत, दोराला लोंबकळायचं नाही. क्रॅम्पॉन लावून चालता येणं, आइस अ‍ॅक्स वापरता येणं आणि एकमेकांना दोराने बांधून हिमनदीवर चालता येणं, एवढं आलं तर तंदुरुस्त माणूस गाइडबरोबर जाऊ शकतो. म्हणून 'सोपं'.

पण गिर्यारोहणात वाटेची श्रेणी सांगते ती चढण्यातली अवघडता. धोका ती सांगत नाही. सह्याद्रीतल्या ट्रेकरला हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात दरड कोसळणाऱ्या घाटात चालणं कठीण नसतं, तरी तिथे कुणी थांबत नाही.

माँ ब्लाँवर धोके तीन प्रकारचे आहेत.

पहिला, विरळ हवा. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५५ टक्के असतो. शामोनी १०३५ मीटरवर आहे. विमानाने जिनेव्हा, तिथून शामोनी आणि तिसऱ्या दिवशी माथा, असा बेत आखणाऱ्यांना डोकेदुखी, उलट्या आणि त्याहून गंभीर त्रास होणं अगदी स्वाभाविक आहे. शरीराला सवय व्हायला आधी तीन-साडेतीन हजार मीटरवर काही दिवस घालवावे लागतात. सुट्टी मोजकी असते आणि नेमके हेच दिवस कापले जातात.

दुसरा, हवा पालटणं. खाली शामोनीत लोक टी-शर्टमध्ये कॉफी पीत असतात तेव्हा वर वादळी वारा आणि पांढरा अंधार असू शकतो. दोम द्यू गूतेसारख्या रुंद, गोलाकार माथ्यावर ढग उतरला की दिशाच कळत नाही.

तिसरा धोका तेत रूस आणि गूते या दोन हट्सच्या मधे आहे.

मृत्यूची नाळ

या टप्प्यावर एक उभी घळ आडवी ओलांडावी लागते. फ्रेंचमध्ये तिला 'ग्रां कुलुआर' म्हणतात, आपल्याकडचे ट्रेकर तिला नाळ म्हणतील. इंग्रजी वृत्तपत्रांनी तिला 'डेथ कुलुआर' करून टाकलंय. ओलांडायचं अंतर शंभर मीटरच्या आतबाहेर. पटपट गेलं तर एक-दोन मिनिटांचं काम. पण वर शेकडो मीटर सुट्या खडकांची भिंत आहे आणि त्या भिंतीतून सुटलेला प्रत्येक दगड याच नाळेतून खाली येतो. कधी मुठीएवढा, कधी फ्रिजएवढा.

या पट्ट्यातल्या अपघातांचा अभ्यास झालेला आहे. १९९० ते २०१७ या काळात तेत रूस ते गूते या टप्प्यावर १०२ जणांचा मृत्यू झाला आणि २३० जण जखमी झाले. सगळेच दगडाने नाही. नाळ ओलांडल्यावर वर जी खडकाळ धार चढायची असते, तिथून घसरून पडणारेही खूप आहेत, आणि माथा गाठून दमलेल्या पायांनी परत येताना ही धार जास्त दगा देते.

दगड पडतात कारण तिथल्या फटींमधला कायमचा बर्फ खडकांना सिमेंटसारखा धरून ठेवतो. शास्त्रज्ञ त्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळा जास्त तापला की हे सिमेंट सुटतं. त्यात वितळलेलं पाणी फटींत शिरतं, रात्री गोठतं, फुगतं, सकाळी पुन्हा वितळतं. म्हणून ही नाळ पहाटे, थंडीत ओलांडायची असा नियम गाइड पाळतात. ऊन भिंतीवर आल्यानंतर तिथे उभं राहणं म्हणजे बंद न पडणाऱ्या खडी क्रशरखाली उभं राहणं.

हवामान बदलाचा पुरावा खाली आहे असं वर म्हटलं, तो हाच. २५ जुलै २०२२ ला शेजारच्या स्वित्झर्लंडवर शून्य अंश तापमानाची पातळी ५१८४ मीटरवर नोंदली गेली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, तो विक्रम मोडून ती ५२९८ मीटरवर गेली. दोन्ही आकडे माँ ब्लाँच्या माथ्यापेक्षा उंच आहेत. म्हणजे त्या दिवसांत त्या भागात संपूर्ण आल्प्सच्या वर, मोकळ्या हवेत, पाणी गोठत नव्हतं.

२०२२ च्या त्या उन्हाळ्यात नाळेतून दगडांचा मारा थांबेना. जुलैच्या मध्यापासून गाइड कंपन्यांनी गूते वाटेवर लोकांना नेणं बंद केलं. तरी काही जण जातच होते. वैतागलेल्या सँ-जर्वेच्या महापौरांनी प्रस्ताव मांडला: वर जायचंय ना, मग आधी १५ हजार युरो अनामत ठेवा. १० हजार सुटकेच्या मोहिमेसाठी आणि ५ हजार तुमच्या अंत्यविधीसाठी. जगभर हेडलाइन झाली. लोकांना ही स्टंटबाजी वाटली, काहींना क्रूर वाटली. अनामतीची अट काही लागू झाली नाही, पण ऑगस्टमध्ये तेत रूस आणि गूते या दोन्ही हट्स बंद करण्यात आल्या.

जकुझी, रोइंग मशीन आणि विमान

महापौर इतके चिडले त्याला मागची काही वर्षंही कारणीभूत होती. २००७ मध्ये काही जणांनी चक्क जकुझी वर नेऊन माथ्याजवळ गरम पाण्यात पार्टी केली. २०१९ च्या जूनमध्ये दोघांनी छोटं विमान ४४५० मीटरवर बर्फात उतरवलं आणि तिथून चालत माथा गाठला. त्याच उन्हाळ्यात एका माजी ब्रिटिश सैनिकाने समाजकार्यासाठी निधी जमवायला जिममधलं रोइंग मशीन पाठीवर घेतलं आणि हवा बिघडल्यावर ते ४३६२ मीटरवरच्या व्हालो निवाऱ्यात टाकून खाली आला. त्याआधी २०१७ मध्ये धावण्याचे कपडे आणि बूट घालून चढणाऱ्या एका ट्रेल रनरचा मृत्यू झाल्यावर सँ-जर्वेने कोणतं सामान सोबत हवंच याची यादी सक्तीची केली होती.

२०१९ पासून नियम आणखी कडक झाले. नॉर्मल रूटने जायचं तर हटमध्ये आधी नोंदवलेली जागा हवीच. वाटेवरच्या मुक्कामांची क्षमता मिळून दिवसाला २१४ माणसांची मर्यादा ठरली. हटबाहेर तंबू ठोकायला बंदी. जागा नसताना जाणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो, असा इशारा प्रशासनाने तेव्हा दिला. २०२० मध्ये हा परिसर संरक्षित म्हणून जाहीर झाला.

फ्रान्समध्ये डोंगरातली सुटका मोफत आहे, आणि 'मग लोक बेफिकीर होतात' असं म्हणणारे तिथेही आहेत. पण ही व्यवस्था उभी राहिली त्यामागे याच डोंगरावरची एक घटना आहे. डिसेंबर १९५६ मध्ये जाँ व्हँसाँदाँ आणि फ्रांस्वा आंरी हे दोन तरुण वादळात माँ ब्लाँवर अडकले. ते जिवंत आहेत हे शामोनीतून दुर्बिणीतून दिसत होतं. अख्खा देश वृत्तपत्रांतून ते वाचत होता. त्यांना आणायला गेलेलं हेलिकॉप्टर त्यांच्याजवळच कोसळलं. हेलिकॉप्टरमधल्यांना वाचवण्यात आलं, या दोघांना तिथेच सोडावं लागलं. तेव्हा सुटकेचं काम नेमकं कुणाचं हेच ठरलेलं नव्हतं. त्या संतापातून १९५८ मध्ये पोलीस दलाचं व्यावसायिक पथक शामोनीत सुरू झालं. आज हेलिकॉप्टर काही मिनिटांत पोहोचतं ते त्यामुळे. मात्र हवा खराब असली की तेही उडत नाही.

मलबार प्रिन्सेस आणि कांचनजंगा

माँ ब्लाँवर भारताच्या इतिहासाचाही एक तुकडा अडकलेला आहे.

३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनेव्हामार्गे लंडनला निघालं होतं. वादळात ते माँ ब्लाँच्या माथ्याजवळ रोशे द ला तूर्नेत या खडकांपाशी आदळलं. ४८ जण गेले. प्रवाशांमध्ये बहुतेक खलाशी होते, परदेशातल्या बोटीवर कामाला रुजू व्हायला निघालेले. अवशेषांपर्यंत पोहोचायच्या प्रयत्नात रेने पायो हा शामोनीचा गाइडही हिमभेगेत पडून गेला.

२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं बोइंग ७०७, नाव 'कांचनजंगा'. मुंबई, दिल्ली, बैरूत आणि मग जिनेव्हा. जिनेव्हाला उतरण्याआधी तेही त्याच खडकांच्या परिसरात आदळलं. ११७ जणांमधलं कुणी वाचलं नाही. त्यात होते भारताच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार, मुंबईचे डॉ. होमी भाभा. ते व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला चालले होते. त्याच दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची पहिल्यांदा शपथ घेतली. लालबहादूर शास्त्री जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते.

दर जानेवारीत भाभांच्या अपघाताचा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड येतो, 'सीआयएने विमान पाडलं'. हा दावा एका माजी सीआयए अधिकाऱ्याच्या कथित मुलाखतीवर उभा आहे आणि त्याला दुजोरा देणारा पुरावा पुढे आलेला नाही. फ्रेंच चौकशी आयोगाचा निष्कर्ष कमी सनसनाटी आहे. विमानातलं दिशादर्शक रेडिओ उपकरण नीट चालत नव्हतं. जिनेव्हाच्या कंट्रोलरने वैमानिकाला त्याचं माँ ब्लाँपासूनचं खरं अंतर सांगितलं, पण ते सांगणं नीट पोहोचलं नाही. शिखर मागे पडलं असं समजून वैमानिकाने उंची कमी केली. शिखर समोर होतं.

बरं, इतक्या वर्षांनी वस्तू का सापडतात? माथ्याखालून बॉस्सों नावाची हिमनदी थेट शामोनीच्या दरीकडे उतरते. हिमनदी म्हणजे अतिशय मंद वाहणारी बर्फाची नदी. वर तिच्यात पडलेली वस्तू बर्फात गाडली जाते, आतल्या आत खाली सरकत राहते आणि काही दशकांनी खालच्या, वितळणाऱ्या टोकाशी बाहेर येते. हे १९व्या शतकातच कळलं होतं. १८२० मध्ये हिमकड्याखाली सापडून तीन गाइड वरच्या बाजूला गाडले गेले. साधारण ४० वर्षांनी ते खाली सापडतील असं फोर्ब्स नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने गणित मांडलं होतं. १८६१ मध्ये अवशेष बाहेर यायला लागले.

एअर इंडियाच्या दोन्ही विमानांचं तसंच झालं. २०१२ मध्ये भारतीय परराष्ट्र मंत्रालयाची एक टपाल थैली सापडली, आत जानेवारी १९६६ ची वर्तमानपत्रं. २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला धातूचा डबा मिळाला. आत पाचू, नीलम, माणकं. त्याने तो तसाच पोलिसांत नेऊन दिला. मालकाचे वारस सापडले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये खडे निम्मे त्याला आणि निम्मे शामोनीच्या नगरपालिकेला मिळाले. एकेका वाट्याची किंमत सुमारे दीड लाख युरो. नगरपालिकेने आपला वाटा गावच्या स्फटिक संग्रहालयात मांडला. २०१७ मध्ये मानवी अवशेष सापडले. २०२० मध्ये हिमनदीजवळच्या एका कॅफेवाल्याला इंदिरा गांधींच्या बातम्यांची, अजून वाचता येणारी भारतीय वर्तमानपत्रं मिळाली. त्याने ती वाळवून जपून ठेवली.

भारतातून जायचं असेल तर

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. 'माँ ब्लाँ ट्रेक' म्हणून इन्स्टाग्रामवर जे रील्स दिसतात, त्यातले बरेच 'तूर द्यू माँ ब्लाँ'चे असतात. ही शिखराभोवतीची प्रदक्षिणा आहे. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणारी, सुमारे १७० किलोमीटरची, साधारण १० ते ११ दिवसांची पायवाट. एकूण चढ १० हजार मीटरच्या आसपास असला तरी उंची अडीच हजार मीटरच्या थोडं वर जाऊन परत खाली येते. क्रॅम्पॉन लागत नाहीत. हिमालयात किंवा सह्याद्रीत नियमित ट्रेक करणाऱ्याला हिच्यात शरीराचा कस लागेल, पण गिर्यारोहणाचं प्रशिक्षण लागणार नाही. याच वाटेवर २००३ पासून ऑगस्टअखेर यूटीएमबी ही प्रसिद्ध धावण्याची शर्यत होते.

शिखर ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी बर्फावरचं प्रशिक्षण हवं आणि अनुभव नसेल तर प्रमाणित गाइड हवा. त्यातही चांगला गाइड तुम्हाला थेट माथ्यावर नेत नाही. आधी एखाद्या दुसऱ्या, कमी उंचीच्या शिखरावर नेऊन तुमची चाल आणि दम बघतो आणि मग ठरवतो. अनेकांचे पैसे इथेच 'वाया' जातात आणि ते चिडतात. पॅकेज घेताना 'समिट गॅरंटी' असं कुणी लिहिलं असेल तर ते पॅकेज सोडून द्यावं.

हवामान, नाळेची स्थिती आणि हट्स उघड्या आहेत का, याची ताजी माहिती शामोनीतल्या गिर्यारोहण माहिती केंद्रात मिळते, तीही मोफत. सुटका मोफत असली तरी रुग्णालय मोफत नाही, त्यामुळे विम्यात तीन हजार मीटरच्या वरचं गिर्यारोहण स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. नेहमीच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये ते बहुतेकदा नसतं.

आणि ज्यांना चढायचं नाही, फक्त जवळून बघायचंय, त्यांच्यासाठी शामोनीतून एग्वी द्यू मिदीची केबल कार आहे. १९५५ पासून चालू असलेली ही कार २० मिनिटांत ३८४२ मीटरवर सोडते. समोर माँ ब्लाँ, खाली हिमनद्या. गरम कपडे न्या, वरच्या पायऱ्या सावकाश चढा आणि चक्कर येऊ लागली तर फोटो आटपून पुढच्या कारने खाली या.